चौथा बिघाड

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता संचालकांनी नव्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर चिन्ह उमटलं आणि लगेच सगळं काळं झालं. दोन सेकंदांनी पंखे आपोआप फिरले, पुन्हा चिन्ह, पुन्हा काळोख. अकराव्या खेपेला त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला आणि फोन हातात घेतला.

फोन वाजला तेव्हा पेचताई दुकानाचं शटर वर करत होती. बाजारात तिला सगळे पेचताईच म्हणत. सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांचे हात थरथरायला लागले, तसं त्यांनी मोहरीएवढे पेच फिरवायला सुनेला शिकवलं. पुढे घड्याळं कमी झाली, त्याच टेबलावर कॉम्प्युटर आले. बारा वर्षांत तिने जोडलेलं एकही मशीन परत आलं नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

ध्वनिवाचनालय गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये एक मोठी काच. काचेपलीकडे पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचली जात, अलीकडे त्यांचं संपादन होई, आणि अंध मुलांच्या चौदा शाळांना ती ऐकायला पाठवली जात. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, भौतिकशास्त्राचं पुस्तक अर्धं राहिलं होतं आणि जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला होता. म्हणून हा नवा. संचालकांनी स्वतः यादी दिली होती. यादीत एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड होतं. नुसता आवाज कापायचा-जोडायचा तर एवढं कार्ड कशाला, असं पेचताईने तेव्हाच विचारलं होतं. पुढची सोय म्हणून, असं उत्तर मिळालं. गिऱ्हाइकाला हवं ते द्यावं म्हणून तिने ते बसवलं, मशीन दुकानात अठ्ठेचाळीस तास न थांबता चालवलं आणि सोमवारी आणून ठेवलं. सोमवारभर ते लोण्यासारखं चाललं.

आता ती पोचली तर खोलीत चौघं होती. संचालक येरझाऱ्या घालत होते. आवाजाचं संपादन करणारी मुलगी, जिला सगळे संपादिका म्हणत, कोपऱ्यात हेडफोन गळ्यात अडकवून बसली होती. काचेजवळच्या खुर्चीत वाचककाका होते, अडुसष्ट वर्षांचे, गेली एकतीस वर्षं इथे वाचणारे. आणि टेबलाला टेकून खात्रीदादा उभा होता. जुना कॉम्प्युटर इतकी वर्षं तोच सांभाळायचा, आणि ‘खात्रीने सांगतो’ म्हटल्याशिवाय त्याचं एकही वाक्य सुरू होत नसे. संचालकांनी पेचताईच्या आधी त्याला बोलावलं होतं, आणि त्याने मशीन न उघडता निकालही देऊन टाकला होता, की जोडणीच कच्ची आहे.

पेचताईने कॅबिनेटच्या मागचे दोन पेच हाताने फिरवले. ते हातानेच फिरतात, पेचकस लागत नाही. झाकण काढलं आणि बॅटरी पाजळून आत पाहिलं. रॅमच्या पट्टीची एका टोकाची खिट्टी उघडी होती, पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी वर आलेली. तिने अंगठ्याने दाबली. टक. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

खात्रीदादा हसला. संचालकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आणताना रिक्षात हलली असेल, झालं गेलं सोडून द्या, असं म्हणाले.

“काल दिवसभर मग ते कशावर चाललं?” पेचताईने विचारलं.

 ती जिना उतरली, पण तिच्या अंगठ्याला ते ‘टक’ आठवत होतं. दुकानात तिने ते एकदा ऐकलं होतं. एकच पट्टी दोनदा बसवायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

बुधवारी सव्वानऊला फोन पुन्हा वाजला.

२

या वेळी रॅम जागच्या जागी होती. प्रोसेसरला वीज नेणाऱ्या वायरचा प्लग अर्धा बाहेर आला होता. पेचताईने आधी फोटो काढला, मग प्लग दाबून बसवला आणि मशीन चालू करून दाखवलं.

बायकांच्या बोटांत जोर कमी, हे मी खात्रीने सांगतो, असं खात्रीदादा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला.

पेचताईने मशीन बंद केलं, प्लग भिंतीतून काढला आणि त्याला जवळ बोलावलं. माझ्या बोटांनी बसवलेली ही वायर ओढून काढ, म्हणाली. त्याने एका हाताने ओढली. मग दोन बोटं वायरला गुंडाळून ओढली. मदरबोर्ड किंचित वाकला तसं संचालकांनी त्याला थांबवलं.

“या प्लगला बाजूला क्लिप आहे,” पेचताई म्हणाली. “क्लिप दाबल्याशिवाय तो सुटत नाही. रिक्षात नाही, पंख्याच्या थरथरीने नाही. कुणीतरी क्लिप दाबली आणि ओढला. हा बिघाड नाही. या खोलीत कुणीतरी हे करतंय.”

 संचालक भडकले. त्यांची माणसं वर्षानुवर्षं इथे राबत होती, आणि बाहेरून आलेली बाई दोन दिवसांत त्यांच्यावर बोट ठेवत होती, हे त्यांना सहन होईना. त्यांनी तिथल्या तिथे मुदत देऊन टाकली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मशीन धड चालायला हवं. नाही चाललं तर ते परत जाईल, आणि हिला काम देऊ नये असं पत्र चौदाही शाळांना जाईल. यातल्या कित्येक शाळांना त्याच वर्षी प्रयोगशाळेसाठी मशीनं हवी होती आणि त्यांच्या यादीत पेचताईचं नाव होतं, हे संचालकांना चांगलं माहीत होतं.

पेचताईने फक्त एक विचारलं, खोलीच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे. तीन, असं कळलं. एक संचालकांकडे, एक संपादिकेकडे, एक वाचककाकांकडे. खात्रीदादाकडे किल्ली नव्हती, पण दार उघडं असलं की त्याला कुणी अडवत नसे.

३

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माफी मागून मोकळी हो, म्हणाले. दुकान नावावर चालतं, आणि एका पत्राने नाव जातं. त्यांनी आयुष्यात दोनदा न केलेल्या चुकीची माफी मागितली होती, आणि दोन्ही वेळा दुकान वाचलं होतं.

“बाबा, चूक माझी असती तर मी जिन्यातच माफी मागितली असती,” ती म्हणाली. “नसलेल्या चुकीची माफी मला जमायची नाही. दुकान बंद पडलं तर पडू दे.”

 हट्टी सून आपणच घडवली, हे सासऱ्यांना माहीत होतं. मग त्यांनी त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. आधी दुसऱ्या कुणी उघडलेलं घड्याळ हातात आलं की त्यांना लगेच कळायचं, आणि कुणी उघडलंय तेही पुष्कळदा कळायचं. कुणी पेच जास्त आवळतो, कुणी उलट्या बाजूने सुरुवात करतो. उघडणाऱ्याची सवय आत राहते, ते म्हणाले.

गुरुवारी तिसरा बिघाड निघाला. प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार खिट्ट्यांपैकी दोन सुटून वर आल्या होत्या, त्यामुळे मशीन सुरू होताच तापायचं आणि धडपडत राहायचं. पेचताईने खिट्ट्या बसवल्या. या खेपेला ती लगेच निघून गेली नाही. तिने खुर्ची ओढली आणि एकेकाशी बोलायला बसली.

आधी संचालक. त्यांनी तिला आपल्या खोलीत उभ्याउभ्याच वेळ दिला. रॅम म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत नव्हतं. ती मशीनमध्ये भरायची एखादी फाइल असावी, असा त्यांचा समज होता, आणि अख्ख्या कॅबिनेटला ते सीपीयू म्हणत. शिवाय हे मशीन चालावं म्हणून कासावीस झालेला त्यांच्याइतका दुसरा कुणी नव्हता. पेचताईने ग्राफिक्स कार्डाचा विषय पुन्हा काढला. शाळांची मागणी वाढतेय, एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग खात्रीदादा. पेचताईने त्याला सरळ विचारलं, हे मशीन तुला बिघडवायचं असतं तर तू काय केलं असतंस. तो आधी बिथरला, मग प्रश्न त्याला आवडला. तो खुर्ची उलटी फिरवून बसला.

“खात्रीने सांगतो, मी विजेपासून सुरुवात केली असती. कुठलाही कारागीर आधी वीज बघतो. प्लग, मग सप्लाय, मग आतलं. आणि एकच बिघाड केला असता, तुला महिनाभर सापडला नसता असा. हे रोज एक, आणि तेही उघडलं की दिसणारं, हे पोरखेळाचं काम आहे.”

पेचताईला तो आवडत नव्हता, पण तो म्हणाला ते खरं होतं. तीही विजेपासूनच सुरुवात करायची. सासरे म्हणाले तसं, सवय आत राहिली होती, पण ती कारागिराची सवय नव्हती. रॅम, मग प्रोसेसरची वायर, मग कूलर. असा क्रम कुणाच्या हाताला असेल?

वाचककाकांनी तिला आदराने खुर्ची दिली. दुकान कसं चाललंय, सासऱ्यांचे हात आता कसे आहेत, अशी चौकशी केली. त्यांचा आवाज असा होता की साधी चौकशीसुद्धा ऐकत राहावी. मशीनचं विचारल्यावर ते किंचित हसले.

“मला त्यातलं काय कळणार? मी फक्त वाचतो.”

शेवटी संपादिका. ती आधी हूं-हूंच करत राहिली. मग अचानक बोलून गेली, की महिन्याभरात कदाचित तिची इथे गरजच उरणार नाही. का, म्हटल्यावर ती थांबली. उठून दार लावून आली. खणातून तिने कागदांचा एक गठ्ठा काढला आणि पेचताईच्या मांडीवर ठेवला.

त्यावर एकाखाली एक, आकडे घालून चारशे वाक्यं छापलेली होती. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता.

४

निळी छत्री कुणाची आहे? आठ वाजून गेले. खिडकी लावून घे. ठाऊक नसेल तर विचार. अशीच वाक्यं, पानामागून पान. गेल्या महिन्यात नव्या माईकची चाचणी आहे म्हणून संचालकांनी वाचककाकांना ती सगळी वाचायला लावली होती. संपादिकेने तेव्हा काही विचारलं नाही. पण नंतर संचालकांच्या फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. काकांच्या आवाजाचा नमुना तयार झाला की यंत्रच त्या आवाजात कुठलंही पुस्तक वाचणार होतं. रात्रंदिवस, न थकता. वाचक नको, मग संपादिकाही नको.

पेचताईला आता ग्राफिक्स कार्डाचं कोडं सुटलं. आवाज कापायला ते लागत नाही. नवा आवाज घडवायला लागतं.

म्हणजे मशीन चालू नये असं वाटणारी दोन माणसं होती, आणि दोघांकडेही किल्ली होती. त्यातलं एक आत्ता तिच्यासमोर बसलं होतं.

ती उठून भिंतीजवळच्या कपाटापाशी गेली. वाचून झालेल्या पुस्तकांच्या डबीबंद प्रती तिथे ओळीने लावलेल्या होत्या. इतिहास, भूगोल, व्यापार, शिवणकाम. तिचं बोट एका डबीवर थांबलं. व्यवसाय अभ्यासक्रम: संगणक जोडणी व दुरुस्ती. तिने संपादिकेला सुरू न होणाऱ्या मशीनचा धडा लावायला सांगितला.

हेडफोनमधून काकांचा संथ, स्वच्छ आवाज आला.

“नव्याने जोडलेला संगणक सुरू होताना वारंवार बंद होऊन पुन्हा सुरू होत असल्यास पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात. एक, रॅमची पट्टी दोन्ही टोकांस नीट बसली आहे का. दोन, प्रोसेसरची वीजवाहक तार पूर्ण आत गेली आहे का. तीन, कूलरच्या चारही खिट्ट्या—”

संपादिकेने आवाज बंद केला. तिचा चेहरा उतरला होता. हे पुस्तक एकाने वाचलं होतं आणि एकीने कापलं होतं. क्रम त्या दोघांनाच पाठ होता.

“ताई, मी नाही,” ती म्हणाली.

पेचताईला तिचं खरं वाटत होतं. पण खरं वाटून भागणार नव्हतं. मशीन जोडताना तिला कधी काही नुसतं वाटलं म्हणून पुढे जाता आलं नव्हतं, तपासून बघावंच लागायचं. तिने संपादिकेला विचारलं, सकाळी नऊच्या आधी या खोलीत कोण असतं. काका असतात, संपादिका म्हणाली. गल्ली निवांत असते म्हणून ते साडेसहाला येतात आणि छोट्या रेकॉर्डरवर एकटेच वाचून ठेवतात. त्या वाचनाच्या फाइली तिच्याकडे होत्या, प्रत्येकीवर वेळ पडलेली.

दोघींनी त्या उघडल्या. सोमवारी काकांनी साडेसहा ते आठ सलग वाचलं होतं. मंगळवारी सात वाजता वाचन थांबलं होतं आणि बावीस मिनिटांनी पुन्हा सुरू झालं होतं. बुधवारी वीस मिनिटांची फट. गुरुवारी एकतीस. खिट्ट्यांना जास्त वेळ लागतो, पेचताईच्या मनात आलं. पण माणूस चहाला जातो, पाय मोकळे करतो. फटीने काही सिद्ध होत नव्हतं.

संपादिकेने फटीनंतरची फाइल लावली आणि डोळे मिटून ऐकायला लागली. अर्ध्या मिनिटात तिने ती मागे नेली, पुन्हा लावली. मग सोमवारची लावली.

“दिवसभर मी हेच करते ताई. वाचणाऱ्याचे ऐकू येणारे श्वास कापते. काकांचे पानाला चारच निघतात, त्यांचा दमच तसा आहे. आणि इथे बघा, एका परिच्छेदात नऊ. मंगळवारी मला वाटलं सर्दी झाली असेल. पण फटीच्या आधी श्वास बरोबर आहेत. फटीनंतर बिघडलेत. तिन्ही दिवस.”

मशीन टेबलाखाली जमिनीवर ठेवलेलं होतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तिथे गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून हात घालायचा तर दम लागणारच.

संपादिका रडवेली झाली होती. काकांनीच तिला या कामाला लावलं होतं, कान तयार केले होते. आता काय करायचं, संचालकांना आजच सांगायचं का, असं तिने विचारलं.

“नाही,” पेचताई म्हणाली. “आज सांगितलं तर म्हणतील, बाईने आपली चूक झाकायला म्हाताऱ्याचं नाव घेतलं. यादीत चौथं काय आहे ते तेवढं ऐकव.”

ऐकून झाल्यावर तिने कॅबिनेटचं झाकण लावलं, दोन्ही पेच फिरवले आणि मशीन होतं तसं सोडून ती घरी गेली. काका पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते.

५

शुक्रवारी सकाळी दहाला सगळे जमले. मशीन सुरू होत होतं, बंद होत होतं, सुरू होत होतं. संचालकांनी पत्राचा मसुदाच टेबलावर आणून ठेवला होता.

पेचताई मशीनपासून चार हात लांब भिंतीला टेकून उभी राहिली.

“मी आज हात लावणार नाही. काय झालंय ते इथूनच सांगते. पुढचं रीसेटचं बटण अर्धवट दाबलेलं आहे. त्याच्या कडेला काहीतरी कोंबलंय, पंखे फिरले की थरथरीने ते पूर्ण दाबलं जातं आणि मशीन पुन्हा सुरू होतं. दादा, तू बघ.”

खात्रीदादाने पुढची जाळी काढली. चिमट्याने चाचपडून त्याने बटणाच्या कडेतून कागदाची एक घट्ट घडी ओढली. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. त्याने घडी उलगडली. कागदाच्या तुकड्यावर छापलं होतं, तीनशे बारा, निळी छत्री कुणाची आहे?

कागद बघून संचालकांचा चेहरा पांढरा पडला. पेचताईने मग सगळं क्रमाने सांगितलं. पुस्तकातली यादी, तिच्यातला रीसेटच्या बटणाचा चौथा मुद्दा, तीन दिवसांच्या तीन फटी, चुकलेले श्वास. तिने आवाज चढवला नाही आणि कुणाचं नावही घेतलं नाही. त्याची गरजच पडली नाही. काचेजवळच्या खुर्चीतून काका उठले.

“मीच केलं,” ते म्हणाले. “आणि मला त्याची लाज वाटत नाही. माईकची चाचणी दहा वाक्यांत होते. मी दोनशेव्या वाक्याला ओळखलं, की यांना माझा आवाज हवाय, मी नकोय. एकतीस वर्षांत मला एकदाही खोटं सांगून वाचायला लावलं नव्हतं कुणी. मी मशीन फोडलं नाही. पुस्तकाप्रमाणे थांबवलं, आणि पुस्तकाप्रमाणे सुरू होईल असंच थांबवलं.”

 संपादिका मान खाली घालून बसली होती. खात्रीदादा कागदाचा तुकडा उगाच पुन्हा घडी करत होता.

पेचताई भिंतीपासून पुढे आली. तीन दिवस दाबून ठेवलेला राग आता तिच्या तोंडावर दिसत होता.

“तुमचा आवाज तुम्हाला न विचारता घेतला, हे वाईटच झालं काका. मग भांडायचं होतं की त्यांच्याशी. त्यांच्या दारात उभं राहून नाही म्हणायचं होतं. तुम्ही भांडलात कुणाशी? माझ्या नावाशी. तेही मला न विचारताच वापरलंत. चार दिवस मी इथे ऐकून घेतलं, आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून माझ्या सासऱ्यांची तब्येत विचारत होतात.”

 काका परत खुर्चीत बसले. सकाळपासून ताठ असलेले त्यांचे खांदे खाली आले. ते म्हणाले, “हे माझ्या ध्यानातच आलं नाही.” आणि ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

संचालकांना आता हुरूप आला. काकांना आजपासून यायची गरज नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि पेचताईला सांगितलं की झाल्या प्रकाराबद्दल संस्था दिलगिरीचं पत्र देईल, तांत्रिक अडचण दूर झाली असं त्यात लिहिता येईल. तेवढं झालं की आवाज घडवायचा प्रोग्रॅम आजच चढवून द्या.

तांत्रिक अडचण हे शब्द ऐकून पेचताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मशीन जोडून द्यायचं तिने कबूल केलं होतं, ते जोडून दिलं होतं, असं तिने त्यांना सांगितलं. तो प्रोग्रॅम ज्याच्या आवाजावर चालायचा, त्याची सही आणा, मग बघू. काकांनी बसल्या जागेवरून मान हलवली. सही मिळणार नव्हती.

“आणि पत्र मला नको,” ती म्हणाली. “पत्रात तुम्ही गुळमुळीत काहीतरी लिहाल. चौदा शाळांना तुमच्यापेक्षा यांचा आवाज जास्त ओळखीचा आहे. काका, काचेपलीकडे जा. काय केलंत ते सांगा, आणि का केलंत तेही सांगा. सगळं.”

का हे सांगायची काही गरज नाही, असं संचालक घाईघाईने म्हणाले. पण काका उठून गेले होते. संपादिकेने हेडफोन चढवला आणि नव्या मशीनवर लाल बटण दाबलं. काकांसमोर कागद नव्हता. त्यांनी साडेचार मिनिटं सांगितलं. मशीन निर्दोष होतं, ते जोडणारी बाई निर्दोष होती, चारही बिघाड मी माझ्या हाताने केले. मग चारशे वाक्यांची गोष्ट. शेवटी एवढंच, की मी अजून वाचू शकतो, आणि मला वाचायचं आहे. कुठेही आवाज हलला नाही.

“हे या खोलीबाहेर जाणार नाही,” संचालक म्हणाले. “संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“माझ्या अब्रूचं पत्र जाणार होतं की.”

पेचताईने खिशातून छोटा ड्राइव्ह काढून संपादिकेपुढे धरला. संपादिकेने एकदा संचालकांकडे पाहिलं. मग तिने फाइल उतरवून दिली, आणि हात मांडीवर घेऊन, आता मला काय बोलायचं ते बोला, अशी ताठ बसली.

दाराशी खात्रीदादा उभा होता. तो बाजूला सरकला आणि जोडणी पक्की होती, असं पुटपुटला.

६

पहिली शाळा बसने पंधरा मिनिटांवर होती. मुख्याध्यापिका स्वतः अंध होत्या, चाळिशीच्या, बोलायला तुटक. सकाळीच संचालकांचा निरोप आला होता, मशीन देणाऱ्या बाईंपासून सावध राहा म्हणून, हे त्यांनी पेचताई बसायच्या आधीच सांगून टाकलं.

पेचताईने बाजू मांडली नाही. तिने ड्राइव्ह टेबलावरच्या यंत्राला लावला आणि आवाज सुरू केला.

मुख्याध्यापिका पहिल्या शब्दाला सरसावून बसल्या. हा आवाज ऐकत त्या शाळा शिकल्या होत्या. साडेचार मिनिटं त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर स्थिर होती. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी हाताने चाचपून यंत्र बंद केलं, आणि पेचताईला वाटलं, आता हा राग आपल्यावर निघणार.

“या पुस्तकांवर माझ्या शाळेतली बासष्ट मुलं अभ्यास करतात,” त्या म्हणाल्या. “आवाज बदलायचा ठरला, मशीन आलं, भांडणं झाली. आम्हाला कुणी विचारलं?”

“नाही,” पेचताई म्हणाली. “मीही नाही विचारलं.”

“कदाचित आमची मुलं म्हणतील, यंत्राचा आवाज चालेल, पुस्तकं तरी वेळेवर मिळू देत. कदाचित म्हणतील नको. पण ते मुलं म्हणतील. ते संचालक म्हणणार नाहीत, आणि वाचककाकाही नाहीत.”

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला. नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा त्यांनी आपलं पद सांगितलं, आणि सोमवारी त्या दहावीची सगळी मुलं घेऊन ध्वनिवाचनालयात येणार आहेत, दोन खोल्यांत मावणार नसतील तर जिन्यात बसतील, असं कळवलं. पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं सुरू झालं. ते पूर्ण व्हायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

“प्रयोगशाळेची मशीनं तुम्हीच जोडा,” त्या पेचताईला म्हणाल्या. “आणि ही फाइल इथे ठेवून जा.”

पेचताईने फाइल उतरवली, ड्राइव्ह पिशवीत टाकला आणि उभी राहिली. अजून तेरा शाळा बाकी होत्या, आणि दुपारचे फक्त सव्वाबारा झाले होते.